मालवणचं पाणी, पवईचा फोन

रविवारची संध्याकाळ. बहिणीच्या घराच्या खिडकीतून पवई तलाव दिसतो, निम्मा पाणी आणि निम्मा जलपर्णी. काठावर चालायला आलेल्यांची गर्दी आहे, पाण्यात मात्र कुणी नाही. तलावात मगरी आहेत. त्यामुळे पवईकराला पाण्यात शिरायची हौस आली तर पाचेकशे किलोमीटर लांब जावं लागतं.

भाचीला ती आली आहे. टीपॉयवरच्या पोह्यांच्या बशा सरकवून तिने लॅपटॉप मांडलाय. अंदमानचा विषय भाऊजींनी विमानाची भाडी बघून दुपारीच मिटवला. आता मालवण, रात्रीच्या गाडीने कुडाळ, चार दिवस. प्रश्न एवढाच उरलाय की पाण्याखाली जायचं ते कुणाच्या भरवशावर. सल्ल्याला भाचीची मैत्रीण बसली आहे. तिने स्वराज द्वीपावर, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, ओपन वॉटर कोर्स केलाय. 18 मीटरपर्यंत उतरायचं प्रमाणपत्र तिच्याकडे आहे. घरात आज तिचाच शब्द चालतोय.

पहिला फोन स्पीकरवर. पलीकडचा माणूस गोड बोलतो. स्कूबा, पॅरासेलिंग, बनाना राइड, सगळं एका पॅकेजात, वर व्हिडिओ फुकट. “पोहता येत नाही,” भाऊजी सांगतात. “काय एक घाबरू नका काका, लहान पोरंपण करतात.” वय विचारत नाही, तब्येत विचारत नाही. किती जण येणार, एवढंच विचारतो. फोन ठेवेपर्यंत व्हॉट्सॲपवर व्हिडिओ येऊन पडतो.

आम्ही तो एकदा कौतुकाने बघतो. मग मैत्रीण तो पुन्हा लावते आणि मध्येच थांबवते. “काकी, याची पाठ बघा.” पर्यटकाच्या पाठीवर सिलिंडर नाही, अंगात हवा भरायचं जॅकेट नाही. तोंडातल्या नळीचा पाइप सरळ वर, बोटीकडे गेलाय. माणूस एका शिडीला धरून लोंबकळतोय आणि समोर कुणीतरी पावाचे तुकडे सोडतंय म्हणून मासे गोळा झालेत. तो कॅमेऱ्याला अंगठा दाखवतो. ती हसते. पाण्याखाली वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ ‘मला वर घ्या’ असा होतो. ‘ठीक आहे’ म्हणायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करतात. म्हणजे याला उतरण्याआधी साध्या खुणाही कुणी शिकवलेल्या नाहीत.

शिडीला धरून मासे बघण्यात गंमत असेलही, पण त्याला स्कूबा म्हणून विकणं मला पटत नाही. ज्या किनाऱ्याचा सागरी भाग 1987 मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाला, तिथे माशांना पाव चारणं तर मुळीच नाही.

दुसरा फोन हॉटेलवाल्याच्या ओळखीतला. “या तुम्ही, आल्यावर बघू.” त्याच्यावर वेळ घालवत नाही.

ताई एवढा वेळ गप्प आहे. ती आता बोटीचं काढते. मे 2022 मध्ये तारकर्लीला स्कूबा करून परतणारी बोट उलटली होती, दोन पर्यटक दगावले. तेव्हापासून ती बातमी तिच्या डोक्यात आहे. मैत्रीण मान डोलावते आणि वहीत लिहून घेते: बोटीचा परवाना, किती माणसांचा, लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात की फळीखाली. पाण्याखालची भीती सगळ्यांना वाटते, जाण्यायेण्याच्या बोटीचं कुणी विचारत नाही.

तिसरा फोन. इथे उलटं होतं. आम्ही दर विचारायच्या आधी पलीकडचा प्रशिक्षक विचारायला लागतो. वयं काय? दमा आहे? कानाचं काही ऑपरेशन? सर्दी? भाऊजी बीपीच्या गोळीचं सांगतात, जरा हळू आवाजात. “मग काका, डॉक्टरांचं पत्र लागेल. त्याशिवाय मी उतरवणार नाही.”

भाऊजींचा चेहरा उतरतो. मैत्रीण वही पुढे ओढते आणि एकेक विचारते. एका प्रशिक्षकामागे किती जण? एकच. किती खोल? पहिल्यांदा करणाऱ्याला 12 मीटरची मर्यादा असते, आम्ही त्याच्या आतच राहतो. बोटीवर ऑक्सिजन? आहे. आधी सराव? उथळ पाण्यात; कान मोकळे करायचे, मास्कमधलं पाणी काढायचं आणि श्वास कधीही रोखून धरायचा नाही. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, तिथे भरलेला श्वास धरून माणूस वर आला तर फुप्फुसातली हवा फुगते. हे तो न विचारता सांगतो.

मग त्याचा प्रश्न: “परत कसे जाणार?”

कुणालाच कळत नाही. डाइव्हनंतर लगेच विमान नको, हे मैत्रिणीला माहीत आहे: एकच डाइव्ह असेल तर किमान 12 तास, जास्त असतील तर 18. पण तो घाटाचं विचारतोय. कोल्हापूरमार्गे गाडीने जाणारे दुपारी डाइव्ह करून संध्याकाळी आंबोली चढतात आणि आंबोली 600 मीटरच्या वर आहे. उथळ पाण्यातल्या थोड्या वेळाला धोका कमीच, तरी तो रात्रभर थांबायला सांगतो. आमची गाडी कोकण रेल्वेची आहे म्हटल्यावर त्याचं समाधान होतं.

“आणि वारा सुटला तर बोट जाणार नाही. पैसे परत.” मग पलीकडे कुणालातरी ओरडतो, “अरे, ता सिलिंडर सावलीत ठेव!”

दर पहिल्याच्या जवळजवळ तिप्पट आहे. भाऊजी “एवढे?” म्हणतात, पण सवयीने. एका पाहुण्यामागे एक माणूस आणि खरी साधनं ठेवायची तर पैसे लागणारच. पहिल्याच्या दरात ते बसत नाही, हे त्याचा व्हिडिओच सांगतो.

भाची दोन जागा पक्क्या करते. तिसरी उद्याच्या डॉक्टरवर अवलंबून आहे. तुम्हीही जाणार असाल तर मेच्या शेवटच्या आठवड्याआधी जा, पुढे पावसाळाभर मालवणची जलक्रीडा बंद असते. आणि फोन लावाल तेव्हा दर शेवटी विचारा.