सत्त्याऐंशीपट लहान जग कसे पाहावे?

छोट्या रेल्वेच्या प्रदर्शनात मुलांना नेले की काय होते, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. कठड्याभोवती गर्दी होते, गाडी बोगद्यातून बाहेर आली की टाळ्या पडतात, आणि तिसऱ्या फेरीनंतर "आता पुढे काय?" अशी कुजबुज सुरू होते. ज्याने रात्री जागून ते टेबल सजवलेले असते, तो मागे उभा राहून हे सारे पाहत असतो.

अशाच एका प्रदर्शनाला आम्ही आठवीच्या एका वर्गाबरोबर गेलो होतो. एका हौशी गृहस्थांनी आपल्याकडची प्रवासी गाडी मांडली होती. इंजिनावरचे आकडे, खिडक्यांचे गज, फलाटावरचा चहाचा गाडा, सगळे जागच्या जागी होते. मुले इंजिनाकडे पाहत होती. एक मुलगी मात्र दरवेळी गाडी निघून जाताना तिची पाठ न्याहाळत होती. शेवटी ती म्हणाली, "काका, तुमच्या शेवटच्या डब्याला पाटी नाहीये." तिचे वडील रेल्वे फाटकावर गेटमन होते.

ती 'एलव्ही' या अक्षरांच्या पाटीबद्दल बोलत होती. 'लास्ट व्हेइकल' म्हणजे शेवटचा डबा. गाडी स्टेशनातून जाताना ही पाटी, किंवा रात्री तांबडा दिवा, दिसला तरच गाडी पूर्ण आली असे समजतात. पाटी दिसली नाही, तर गाडी तुटून काही डबे मागे रुळावर राहिले असण्याची शक्यता असते, आणि मग मागच्या गाडीला त्या मार्गावर सोडता येत नाही. गृहस्थ क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "खरंय तुझं. चार महिने खिडक्यांचे गज लावत बसलो, पण हे ध्यानातच आलं नाही."

बारकावे पाहायचे म्हणजे नेमके काय पाहायचे, हा प्रश्न आम्हांला त्या दिवशी पडला. त्याचे उत्तर शोधताना गणित आणि भौतिकशास्त्राचे बरेच धडे हाती लागले. ते येथे मांडत आहोत.

८७ हा आकडा कोठून आला?

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली सुरू झाले. तेथे व जगात इतरत्रही सर्वांत जास्त आढळणारे प्रमाण म्हणजे 'एचओ'. यात प्रत्येक वस्तू मूळ वस्तूच्या ८७ व्या भागाएवढी असते. हा विचित्र आकडा कोणी मुद्दाम निवडलेला नाही. इंग्लंडमध्ये पूर्वी 'ओ' नावाचे प्रमाण होते. त्यात एका फुटाला ७ मिलिमीटर धरत. त्याचे निम्मे, म्हणजे 'हाफ ओ', केल्यावर एका फुटाला साडेतीन मिलिमीटर झाले. एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. त्याला ३.५ ने भागले की ८७.१ येतात.

आता रूळ पाहू. एचओच्या दोन रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर असते. त्याला ८७ ने गुणले की १४३५ मिलिमीटर येतात. युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक रेल्वेमार्गांची रुंदी हीच आहे. आपली ब्रॉडगेज मात्र १६७६ मिलिमीटरची आहे. एचओ प्रमाणात ती १९.३ मिलिमीटर भरायला हवी. परंतु बाजारात तयार रूळ मिळतात ते १६.५ मिलिमीटरचे. त्यामुळे भारतीय गाडीची प्रतिकृती अनेकदा परक्या रुळांवर उभी असते, आणि मूळ मापाने पाहिल्यास तिच्या पायाखालची रुंदी २४ सेंटिमीटरने कमी भरते. इंजिनाकडे समोरून पाहा. ते अंगाने भरदार आणि पायांनी किरकोळ वाटले, तर त्याचे कारण हे आहे.

इंग्रज हौशी मंडळींनाही ही अडचण चुकली नाही. त्यांच्याकडची इंजिने मुळातच लहान असल्याने ८७ व्या भागाच्या इंजिनात त्या काळची मोटर मावेना. म्हणून त्यांनी गाड्या थोड्या मोठ्या, एका फुटाला ४ मिलिमीटर या प्रमाणात केल्या, आणि रूळ मात्र तेच ठेवले. काहींना ही विसंगती इतकी खुपली, की त्यांनी १८.८३ मिलिमीटर रुंदीचे रूळ स्वतः तयार केले. दोन-सव्वादोन मिलिमीटरसाठी एवढा खटाटोप!

डोळ्याला किती बारीक दिसते?

निरोगी डोळ्याला अंतराच्या सुमारे ३४०० व्या भागाइतका तपशील वेगळा ओळखता येतो. कठड्यापासून गाडी ६० सेंटिमीटरवर असेल, तर हा तपशील सुमारे ०.१७ मिलिमीटरचा होतो. त्याला ८७ ने गुणले, तर दीड सेंटिमीटर येतात. म्हणजे मूळ वस्तूवर जे दीड सेंटिमीटरपेक्षा बारीक आहे, ते प्रतिकृतीत करूनही आपल्याला वेगळे दिसणार नाही. दुसऱ्या शब्दांत सांगायचे, तर आपण खऱ्या गाडीकडे ५२ मीटरवरून पाहत आहोत.

हे कळले की मांडणी वेगळ्या नजरेने पाहता येते. विटेच्या एका थराची उंची साडेसात सेंटिमीटर धरली, तर प्रतिकृतीत ती ०.९ मिलिमीटर होते. ती दिसायलाच हवी. पण विटांमधला एक सेंटिमीटरचा सांधा फक्त ०.११ मिलिमीटर होतो. पन्नास मीटरवरून भिंतीतला सांधा वेगळा दिसत नाही, भिंतीचा रंग तेवढा किंचित फिका वाटतो. म्हणून पांढऱ्याशुभ्र रेघांनी आखलेली भिंत कितीही नीटस असली तरी खोटी वाटते, आणि नुसता फिका हात फिरवलेली भिंत खरी वाटते. रुळांखालची पाच सेंटिमीटरची खडी येथे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठी हवी. म्हणजे जाडसर वाळू झाली! अनेक मांडण्यांत मात्र खडीच्या जागी मूळ मापाने नारळाएवढे धोंडे पडलेले असतात.

झाडांच्या बाबतीत नेमकी उलट चूक होते. वीस मीटर उंचीचा वड २३ सेंटिमीटरचा व्हायला हवा. प्रदर्शनात बहुधा आठ-दहा सेंटिमीटरची झाडे दिसतात. कारण उघड आहे. खरे झाड लावले, तर स्टेशन झाकले जाईल.

जागेशी तडजोड

रेल्वे ही मुळात लांबच लांब वस्तू आहे. जुन्या पद्धतीचा आपला प्रवासी डबा बफरांसह २२.३ मीटर लांब असतो. प्रतिकृतीत तो साडेपंचवीस सेंटिमीटरचा होतो. असे २४ डबे जोडले, तर इंजिन सोडूनच गाडी सहा मीटरहून लांब होईल. आपल्या वर्गाची खोली बहुधा त्यात संपेल. म्हणून मांडणी करणारा सहा-आठ डब्यांवर थांबतो आणि फलाटही त्याच बेताने आखडतो.

वळणाचे तसेच. ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर धरतात. ८७ ने भागल्यावर ती दोन मीटर येते. म्हणजे गाडीला पूर्ण फिरवायला चार मीटर रुंद टेबल लागेल. प्रत्यक्षात ४५ सेंटिमीटरची त्रिज्या सर्रास वापरतात, म्हणजे मूळ मापाने ३९ मीटर. अशा वळणावर खरी गाडी जाऊच शकणार नाही. कसलेला कलाकार ही वळणे बोगद्यात, डोंगराआड किंवा घरांमागे दडवतो. कुठे डोंगर उगीचच उभा आहे असे वाटले, तर त्याच्यामागे काय लपले आहे ते विचारावे.

जे लहान होतच नाही

लांबी ८७ पट कमी झाली, तर घनफळ ८७ × ८७ × ८७, म्हणजे ६,५८,५०३ पट कमी होते. सुमारे ४० टनांचा डबा या हिशेबाने ६१ ग्रॅमचा व्हायला हवा. पण अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या शिफारशीनुसार एवढ्या लांबीच्या डब्याचे वजन सुमारे १७० ग्रॅम असावे. जवळजवळ तिप्पट! कारण रुळांच्या सांध्यातला उंचवटा आणि हवेतला धुळीचा कण ८७ पट लहान होत नाहीत. हलका डबा त्यांवरून उडून रुळाखाली येतो. चाकाच्या आतल्या उंच कडेचेही असेच आहे. खऱ्या चाकाची ही कड साधारण २८ मिलिमीटर उंच असते. प्रतिकृतीत ती ०.३२ मिलिमीटर यायला हवी. ती निदान दुप्पट तरी ठेवतात, नाही तर चाक रूळ सोडते.

गुरुत्वाकर्षणही लहान होत नाही. खरा डबा ८.७ मीटर उंच पुलावरून पडला, तर खाली पोहोचायला त्याला १.३३ सेकंद लागतील. प्रतिकृतीतला डबा १० सेंटिमीटरवरून ०.१४ सेकंदात पडतो. अंतर ८७ पट कमी झाले, पण वेळ ८७ च्या वर्गमुळाइतका, म्हणजे ९.३ पटच कमी झाला. म्हणूनच चित्रपटांत प्रतिकृतींचे अपघात वेगाने चित्रित करून सावकाश दाखवतात.

पाण्याचे तर विचारूच नका. तीन मिलिमीटरचा थेंब या जगात २६ सेंटिमीटरचा गोळा होतो. म्हणून बहुतेक मांडण्यांतली नदी राळेची किंवा वार्निशाची असते. खोटे पाणी खऱ्या पाण्यापेक्षा खरे वाटते, ते असे.

वेग मोजून पाहा

हा प्रयोग प्रदर्शनात वर्गाकडून करून घेता येईल. सरळ रुळाचा एक मीटरचा टप्पा नजरेने ठरवा. इंजिनाला तो पार करायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहा. सेंटिमीटर प्रतिसेकंद या वेगाला ३.१३ ने गुणले की मूळ गाडीचा वेग किलोमीटर प्रतितास मिळतो. एक मीटर दोन सेकंदांत गेला, तर वेग झाला १५७ किलोमीटर. मालगाडी अशी धावत असेल, तर कुठे तरी बिघडले आहे! ताशी ५० किलोमीटरच्या मालगाडीला एक मीटर जायला सहा सेकंदांहून थोडे अधिक लागायला हवेत. मुले मोजू लागली की आपोआप थांबतात, आणि थांबली की त्यांना बाकीचेही दिसू लागते.

बारकावे कशासाठी?

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या लाँग विटेनहॅम या गावी पेंडन संग्रहालय आहे. रॉय इंग्लंड हा तरुण १९२५ साली ऑस्ट्रेलियाहून तेथे आला. व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या परिसरातली गवताने शाकारलेली घरे आणि जुनी गल्लीबोळे बदलत, नाहीशी होत चालली आहेत, हे त्याच्या लक्षात आले. मग त्याने ती मोजून, पुठ्ठ्याची घरे करून छोट्या रूपात उभी करायला सुरुवात केली. हे संग्रहालय १९५४ मध्ये सुरू झाले. तेथील गाव विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकातले आहे. मूळ घर पाडले गेले असले, तरी त्याचे छप्पर कसे होते हे तेथे कळते.

आपल्याकडे १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वेची ७६२ मिलिमीटर रुंदीची वाट आता ब्रॉडगेज झाली आहे. हाताने पडणारे सिग्नलही बहुतेक ठिकाणी गेले. ते कसे होते, का होते, हे ज्यांनी जवळून पाहिले ते सांगू शकतात, तोवरच विचारून ठेवता येईल.

त्यासाठी प्रतिकृती विकत घ्यायची गरज नाही. वर्गाला जवळच्या स्टेशनावर न्यावे, स्टेशन नसेल तर एसटी स्थानकही चालेल. प्रत्येकाने एकच वस्तू निवडावी: बाक, पाण्याचा नळ, घंटा, पाटी. तिचे माप घ्यावे, त्याला ८७ ने भागावे, आणि ती तेथे का आहे हे एका वाक्यात लिहावे. ज्या वस्तूचे कारण सापडणार नाही, तिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढावे आणि तेथे काम करणाऱ्या माणसाला विचारावे.

त्या प्रदर्शनात आम्ही निघण्यापूर्वी गृहस्थांनी कागदाचा एक कपटा कापला. पाटी फूटभर धरली, तर साडेतीन मिलिमीटर. त्यावर दोन अक्षरे मुलीनेच टोकदार पेन्सिलीने काढली. कठड्यापाशी उभ्या असलेल्या बहुतेकांना ती दिसलीही नसेल. पण पुढच्या फेरीला गाडी बोगद्यात शिरेपर्यंत सगळा वर्ग तिच्या पाठीकडे पाहत होता.