एक्स-१५ची शेपटी अशी जाड का?

एक्स-१५ या अमेरिकी रॉकेट-विमानाचा फोटो मागून पाहा. उभ्या शेपटीची मागची कड चक्क सपाट कापलेली! पुढे निमुळती, मागे जाड, अशी पाचरच. साध्या विमानाला असं केलं तर नुसता हवेचा अडथळा वाढेल. पण ध्वनीच्या पाच-सहा पट वेगात पातळ शेपटीची पकड ढिली पडते आणि विमान भरकटू लागतं. पाचरीच्या तिरक्या बाजूंमुळे ती पकड टिकते. ही कल्पना लँगली प्रयोगशाळेतल्या चार्ल्स मॅक्लेलन यांची.

फार उंचावर मात्र कुठलीच शेपटी कामाची नाही, कारण हवाच नसल्यासारखी. तिथे हायड्रोजन पेरॉक्साइडच्या छोट्या झोतांनी विमान वळवायचं. १९६३मध्ये वैमानिक जो वॉकर एक्स-१५मधून असेच सुमारे १०८ किमी उंचीवर पोचले.

३ ऑक्टोबर १९६७ रोजी वैमानिक पीट नाइट यांनी एक्स-१५मधूनच ध्वनीच्या ६.७ पट वेग गाठला. पोटाखाली नकली रॅमजेट इंजिन टांगलेलं. धक्कालहरी त्याच्या आधाराच्या खांबावर आदळल्या, धातूला भोकं पडली, इंजिन गळून गेलं. नाइट सुखरूप उतरले. (काय माणूस!) ते विमान पुन्हा उडालं नाही. सध्या ते ओहायोत डेटनच्या वायुदल संग्रहालयात आहे. तिकडे कुणी राहत असाल तर शेपटीचा मागून फोटो काढून इथे नक्की टाका.