मुक्या सशाचें दुखणें

“काल संध्याकाळपर्यंत चांगला होता, आणि सकाळीं पाहावें तों पिंजऱ्यांत मरून पडलेला!” ससा पाळणाऱ्या घरांतून असे उद्गार पुष्कळदां ऐकूं येतात. मुलें रडतात, आणि सशाचें आयुष्यच तेवढें होतें, असें म्हणून वडील माणसें त्यांची समजूत घालतात. वस्तुतः अशा कित्येक प्रसंगीं दुखणें एका रात्रींतलें नसतें. तें दिवस-दोन दिवस चाललेलें असतें. घरांत कोणाच्या तें ध्यानीं आलेलें नसतें, इतकेंच.

कुत्र्यास लागलें तर तो केकाटतो. ससा मात्र गप्प बसतो. याचें कारण त्याच्या जन्मजात स्वभावांत आहे. घरांत पाळला जाणारा ससा हा आपल्या माळरानावरील सशाचा वंशज नव्हे; स्पेन-पोर्तुगालकडील, बिळें करून समूहानें राहणाऱ्या सशांचा तो वंशज होय. कोल्हे आणि शिकारी पक्षी हे त्याचे नित्याचे वैरी. जो लंगडतो वा कण्हतो, त्याच्यावर वैऱ्याची दृष्टि आधीं जाते. म्हणून दुखणें लपविणें हाच त्या जातीचा आत्मरक्षणाचा मार्ग ठरला. पिंजऱ्यांत वैरी नसला तरी स्वभाव जात नाहीं. ससा किंचाळतो तो केवळ पराकाष्ठेच्या भयानें किंवा वेदनेनें. तेव्हां त्याच्या मौनास स्वास्थ्य समजूं नये.

मग दुखणें ओळखावें कसें? पहिली खूण खाण्याची व लेंड्यांची. सशाचें मुख्य अन्न गवत. तें तो दिवसरात्र थोडें थोडें खात असतो, आणि त्या योगें त्याचीं आंतडीं चालतीं राहतात. ओकून टाकण्याची शक्ति निसर्गानें त्यास दिलेली नाहीं. कोणत्याही वेदनेनें खाणें कमी झालें कीं आंतड्यांची गति मंदावते. पोटांत वायु धरतो. त्यानें पोट दुखूं लागतें, आणि मग उरलेलें खाणेंही सुटतें. निरोगी सशाच्या लेंड्या गोल, एकसारख्या व पुष्कळ असतात. त्या बारीक, वेड्यावांकड्या किंवा थोड्या झाल्या तर सावध व्हावें. १२ तासांत सशानें कांहीं खाल्लें नाहीं किंवा लेंडी टाकली नाहीं, तर तो प्रसंग जिवावरचा समजून तत्काळ पशुवैद्य गांठावा. उद्यांवर टाकूं नये.

दुसरी खूण चेहऱ्याची. इंग्लंडांतील न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनीं ओळखीसाठीं सशांचे कान गोंदतांना त्यांच्या मुद्रेचा अभ्यास केला आणि २०१२ सालीं वेदनेच्या ५ खुणा प्रसिद्ध केल्या. डोळे बारीक होतात, गाल बसल्यासारखे दिसतात, नाकपुड्या आंवळून नाक टोकदार होतें, मिशा ताठरतात, कान घट्ट वळून मागें पाठीकडे जातात. झोंपाळू सशाचेही डोळे मिटतात व कान मागें पडतात. म्हणून एकाच खुणेवरून निर्णय करूं नये. शिवाय हें निरीक्षण दुरून करावें, कारण उचललेला, भ्यालेला ससा आपलें दुखणें अधिकच लपवितो.

तिसरी खूण बसण्याची व दांतांची. पाठीला पोंक काढून कोपऱ्यांत बसणें, पोट जमिनीस दाबणें, वारंवार जागा बदलणें, हीं पोटदुखीचीं लक्षणें होत. कुरवाळतांना ससा दांतांचा हलका आवाज करतो तो समाधानाचा. पण कोणी हात लावलेला नसतां तो करकर दांत खाऊं लागला, तर ती वेदना समजावी. सशाचे २८ दांत आयुष्यभर वाढत असतात. भरपूर गवत चघळावयास न मिळाल्यास दाढांना अणकुचीदार टोंकें येतात आणि तीं जीभ व गाल यांना टोंचतात. असा ससा भुकेनें अन्नाजवळ येतो, हुंगतो, आणि तोंड फिरवितो. त्याची हनुवटी लाळेनें ओली राहते. तो लाडावला आहे, असें घरांत म्हटलें जातें. वास्तविक तो उपाशी असतो. ससा तोंड उघडून श्वास घेऊं लागला, तर क्षणाचाही विलंब नको.

घरगुती औषधोपचाराचा मोह मात्र टाळावा. माणसांच्या गोळ्या सशास देऊं नयेत. पेनिसिलिनच्या वर्गांतील औषधें पोटांत दिल्यास त्याच्या आंतड्यांतील उपयुक्त जंतु नष्ट होऊन तो दगावूं शकतो. कुत्र्यांच्या पिसवांवरील फिप्रोनिल हें औषधही सशास घातक आहे.

ससा मुलाच्या हौशीनें घरीं येतो. त्याची पाहणीही मुलाकडेच सोंपवावी. कालचें गवत किती उरलें, लेंड्या नेहमींइतक्या आहेत काय, हनुवटी कोरडी आहे काय, या तीन गोष्टी पाहण्यास पांच मिनिटें पुरतात. एखाद्या दिवशीं तो मुलगा “आज यानें गवताला तोंड लावलें नाहीं” असें सांगत आला, तर वडील माणसांनीं हातांतलें काम बाजूस ठेवून प्रथम तिकडे लक्ष द्यावें.