नावांची अक्षरं एकसारखी करूया

गटाची यादी बँकेला इंग्रजीत द्यायची म्हटलं, की आपली धांदल उडते. आपल्या देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही, इंग्रजीत आहे. आमच्या यादीत कुणाचं नाव सगळं कॅपिटल, कुणाचं सगळं लहान. पुन्हा टाइप करायचं, तर नव्या चुका होणार.

एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये हे काम सूत्र करतं. समजा, नावं बी रकान्यात दुसऱ्या ओळीपासून आहेत. शेजारचा सी रकाना मोकळा ठेवा. सी-दोनच्या चौकटीत बरोबरचं चिन्ह, मग इंग्रजीत प्रॉपर, म्हणजे पी-आर-ओ-पी-ई-आर, आणि कंसात बी-दोन लिहून एंटर दाबा. प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं होतं, बाकीची लहान. प्रॉपरऐवजी अप्पर लिहिलं तर सगळी मोठी, लोअर लिहिलं तर सगळी लहान. आयएफएससी कोडसाठी अप्पर वापरा. मग चौकटीचा खालचा उजवा कोपरा धरून खाली ओढा. सगळी नावं नीट होतात.

आता आमची फजिती ऐका. काम झालं म्हणून आम्ही बी रकाना काढून टाकला, आणि नवी नावंही गेली! सी रकान्यात नावं नव्हतीच, सूत्रं होती. म्हणून आधी सी रकाना कॉपी करा, तिथेच पेस्ट स्पेशलमधून फक्त व्हॅल्यूज चिकटवा, मगच जुना काढा.

एक लक्षात ठेवा, सूत्र स्पेलिंग सुधारत नाही. प्रत्येकीचं पासबुक समोर ठेवून नाव आपणच ताडून पाहायचं. कष्टाचा पैसा एका अक्षरापायी अडकू नये.