पडद्यावरचे चरित्र आणि प्रेक्षकाचे अश्रू

एखाद्या थोर व्यक्तीच्या जीवनावरील बोलपट पाहून घरी परतलेला मनुष्य बहुधा दोन गोष्टी सांगतो. ‘डोळ्यांत पाणी उभे राहिले,’ ही एक. आणि ‘हे सारे खरोखरीच घडले आहे,’ ही दुसरी. पहिले विधान त्याच्या अंतःकरणाविषयीचे आहे व ते निर्विवाद होय. दुसरे मात्र इतिहासाविषयीचे असल्यामुळे पडताळून पाहावे लागते. ही दोन विधाने एकमेकांत कशी मिसळतात, हे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या उदाहरणावरून चांगले ध्यानी येते.

सोलापूरच्या या तरुणाचा जन्म १९१० सालचा. मुंबईस वैद्यकाचे शिक्षण झाल्यावर १९३८ मध्ये राष्ट्रसभेने चीनला धाडलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते युद्धभूमीवर गेले. चौघे परतले, कोटणीस तेथेच राहिले. कॅनडाचे शस्त्रवैद्य नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. १९४१ मध्ये तेथेच परिचर्येचे काम करणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढील वर्षी, ९ डिसेंबर रोजी, अपस्माराच्या विकाराने त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांचे वय अवघे बत्तीस वर्षांचे होते.

शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा बोलपट काढला व नायकाची भूमिकाही स्वतःच केली. कथेला ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकाचा आधार होता. तथापि पडद्यावरील कोटणीस प्लेगच्या साथीशी झुंजतात आणि अखेरीस त्याच रोगाला बळी पडतात.

असा बदल का व्हावा? साथ हा डोळ्यांना दिसणारा शत्रू आहे. त्याच्याशी लढा दाखविता येतो, विजय दाखविता येतो आणि मृत्यूला बलिदानाचे रूपही देता येते. अपस्मार तसा नव्हे. तो शत्रूच्या गोटातून येत नाही, शरीरातच दबा धरून बसतो. दोन-अडीच तासांच्या कथेला तो गैरसोयीचाच.

परंतु या सोयीपायी एक मोलाची गोष्ट हरवते. स्वतःचे शरीर साथ देत नसताना परक्या मुलखात जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत राहणे, हे शौर्य प्लेगशी दिलेल्या झुंजीहून तिळमात्र उणे नाही. ते केवळ कमी दृश्य आहे, एवढेच.

म्हणून प्रेक्षकाचे अश्रू खोटे ठरतात काय? मुळीच नाही. कोटणीसांचे नाव कित्येक घरांत या बोलपटानेच पोहोचविले, हे त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. मात्र अश्रू ही ओळखीची सुरुवात असते, पुरावा नव्हे. चित्रगृहातून बाहेर पडताना ‘यात भर कोणती, आणि ती कशासाठी?’ एवढा प्रश्न मनाशी धरला, तरी पुरे. सोलापुरास कोटणीसांच्या घरी आज त्यांचे स्मारक आहे. हा प्रश्न बरोबर घेऊन जो त्या उंबरठ्याशी जाईल, त्याला नायक नव्हे, माणूस भेटेल; आणि त्या माणसाविषयीचा आदर काकणभर अधिकच वाढेल.