महिला मंडळ : इतिहास आणि आपली जबाबदारी

कोणत्याही संस्थेची स्मरणिका उघडली म्हणजे प्रथम संस्थापकांची नावे येतात, मग अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार यांची छायाचित्रे येतात आणि शेवटी कोठेतरी ‘महिला शाखेचे मोलाचे सहकार्य लाभले’ असे एक वाक्य येते. त्या एका वाक्यामागे किती माणसे आणि किती वर्षांचे श्रम उभे आहेत, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. परळ-दादर-नायगाव परिसरातील महिला मंडळांच्या बाबतीत तो थोडक्यात मांडण्याचा हा प्रयत्न आहे. सभासदांना तो परिचित वाटेल. विद्यार्थ्यांनी मात्र तो जरूर वाचावा, अशी आमची विनंती आहे.

आपल्या संघटित कार्याचा पाया परळमध्ये घातला गेला. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिचे कार्यालय परळच्या दामोदर ठाकरसी हॉलमध्ये होते. बाबासाहेब त्या वेळी पोयबावडीच्या बी. आय. टी. चाळीत राहत. सभेचे कार्यकर्ते पुरुष होते. स्त्रिया घरातून मदत करीत होत्या. हे चित्र महाडने बदलले. डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेस स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले आणि त्यानंतर बाबासाहेबांनी स्त्रियांना उद्देशून स्वतंत्र भाषण केले. मुलींना शिकवा, अस्पृश्यतेची खूण सांगणारे पेहराव आणि दागिने टाकून द्या, असा त्याचा आशय होता. स्त्रियांनी घरी जाऊन विचार करण्याचीही वाट पाहिली नाही. त्यांनी तेथेच लुगडे नेसण्याची पद्धत बदलली.

पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९२८ मध्ये, मुंबईत स्त्रियांची स्वतंत्र संघटना स्थापन झाली आणि माता रमाई तिच्या अध्यक्षा झाल्या. ही घटना आपल्या व्याख्यानांतून फारशी सांगितली जात नाही. रमाईंचा त्याग, त्यांचे दारिद्र्य आणि २७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात झालेले त्यांचे निधन आपण डोळ्यांत पाणी आणून सांगतो; पण त्या एका संघटनेच्या अध्यक्षा होत्या, हे सांगायचे राहून जाते.

या मंडळांत येणाऱ्या स्त्रिया कोण होत्या? त्यांतील पुष्कळशा गिरणगावातील कष्टकरी स्त्रिया होत्या. गिरणीत आपल्या पुरुषांना विणखात्यात काम मिळत नसे. कांडी बदलताना धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडचा धागा इतर कामगारांना चालत नसे. विणखात्यात मजुरी अधिक होती, म्हणून या बंदीची झळ थेट चुलीपर्यंत पोहोचत असे. स्त्रिया वाइंडिंग, रीलिंग अशा खात्यांत राबत आणि घरी येऊन पाणी, स्वयंपाक, मुले पाहत. बी. डी. डी. चाळीतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची, नळ आणि संडास सामाईक. अशा घरातून रात्री जेवणे उरकल्यावर ज्या बायका बैठकीला येत, त्यांचे ‘सहकार्य’ किती महाग होते, हे वेगळे सांगावयास नको.

मागण्यांच्या बाबतीतही स्त्रिया मागे नव्हत्या. गिरणीतील स्त्रियांना बाळंतपणात भत्त्यासह रजा मिळावी, या विधेयकाला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात पाठिंबा दिला आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला. नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहात (१९३०) स्त्रियांनी अटक करून घेतली. २० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेला त्या दिवशी बरोबर अठरा वर्षे पूर्ण होत होती. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या आणि हजारो स्त्रिया उपस्थित होत्या. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार स्त्रियांना रजा, गिरण्यांतून स्त्रियांवर देखरेखीसाठी स्त्रियाच नेमाव्यात, मुलींसाठी सरकारी खर्चाने वसतिगृहे असे ठराव तेथे मंजूर झाले. हिंदू कोड बिलाचे वादळ पुढे उठले. त्याआधीच आपल्या स्त्रियांनी घटस्फोट आणि बहुपत्नीत्व यांविषयीची मागणी जाहीर सभेत मांडली होती. १९४६ च्या पुणे सत्याग्रहातही त्या तुरुंगात गेल्या.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर कामाचे स्वरूप बदलले. देव्हाऱ्यातले देव काढून टाकण्याचा निर्णय पुरुषांनी सभेत घेतला असेल, पण तो घराघरांत अमलात आणला तो स्त्रियांनी. उपासतापास, नवस, अंगात येणे हे सोडून पंचशील आणि त्रिशरण मुलांच्या तोंडी बसविणे हे काम त्यांचेच होते. आषाढी ते आश्विनी पौर्णिमेपर्यंत वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते, तेव्हा श्रोत्यांत आणि पुष्कळदा वाचणाऱ्यांतही स्त्रियाच अधिक असतात. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा कित्येक आजी ऐकून ऐकून ग्रंथातील प्रसंग सांगू लागल्या. भारतीय बौद्ध महासभेची स्थापना १९५५ साली झाली. भय्यासाहेब आंबेडकरांच्या १९७७ मधील निधनानंतर तिची धुरा मीराताई आंबेडकरांनी सांभाळली. स्त्री शाखाच नव्हे, मूळ संस्थाही चालवू शकते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण कोणते हवे?

आता ‘शाखा’ या शब्दाविषयी थोडे. महिला शाखा ही मूळ संस्थेच्या घटनेखाली चालते. तिचा जमाखर्च बहुधा मूळ संस्थेच्या वहीत एका ओळीत येतो आणि तिचे निर्णय कार्यकारिणीच्या संमतीवर अवलंबून असतात. नोंदणीकृत महिला मंडळाचे तसे नाही. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. मग त्यांना स्वतःची घटना, इतिवृत्त आणि हिशेब ठेवावा लागतो. सर्वच शाखांनी वेगळे व्हावे, असे आमचे म्हणणे नाही. परंतु शाखा असली तरी तिचे इतिवृत्त आणि तिची वही स्वतंत्र असावी. कारण ज्याची नोंद नाही, ते काम झालेच नाही असे पुढची पिढी धरून चालते.

आणि नोंदी खरोखरच नाहीत. जुन्या वह्या चाळल्या तर ‘सौ. अमुक’, ‘अमक्याची आई’, ‘वहिनी’ अशी नावे सापडतात. बाईचे स्वतःचे नाव सापडत नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी वृद्ध कार्यकर्त्या स्त्रियांना शोधून, त्यांच्याशी बोलून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ १९८९ साली प्रसिद्ध केला. ते काम झाले नसते तर त्या स्त्रियांच्या आठवणी त्यांच्याबरोबरच गेल्या असत्या. एका ग्रंथाने सर्व वस्त्यांचे काम होत नाही. उरलेले आपण करावयाचे आहे.

वेळ थोडा आहे, असे आम्ही मुद्दाम म्हणतो. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून बी. डी. डी. च्या २०७ चाळी होत्या. त्यांच्या पुनर्विकासात वरळीच्या पहिल्या रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. नवे घर मिळावे, मोठे मिळावे, हा आनंदच आहे. पण घर बदलताना माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली जाते आणि जुन्या वह्या, पावतीपुस्तके, फोटो रद्दीत जातात. शिवणवर्गाची हजेरी, जयंतीच्या वर्गणीची यादी, प्रौढ साक्षरता वर्गाचे वहीतले पहिले अक्षर हेच आपले दफ्तर होय.

म्हणून सभासदांना आणि विद्यार्थ्यांना आमच्या तीन सूचना आहेत. घरातील जुन्या फोटोमागे पेन्सिलीने प्रत्येकीचे पूर्ण नाव लिहून ठेवावे. महाविद्यालयीन विद्यार्थ्याने आपल्या वस्तीतील एका तरी वृद्ध कार्यकर्तीची आठवण तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावी. ती काय म्हणते ते लिहावे, सुधारू नये. आणि संस्थेने महिला शाखेचे इतिवृत्त यापुढे वेगळ्या वहीत, उपस्थित स्त्रियांच्या स्वतःच्या नावानिशी आणि सहीनिशी ठेवावे. या तिन्ही गोष्टींना पैसा लागत नाही. पुढची स्मरणिका निघेल तेव्हा ‘मोलाचे सहकार्य’ या वाक्याच्या जागी नावांची यादी छापता आली, तर आमचे हे लिहिणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.