दूरस्थ संगीतशिक्षण
गुरू व शिष्य भिन्न ठिकाणी असताना द्रुतगती संदेशवहन जालावरून परस्परांना पाहत व ऐकत दिले-घेतले जाणारे गायन-वादनाचे शिक्षण. ग्रंथ, ध्वनिमुद्रिका वा आकाशवाणी यांद्वारा होणाऱ्या शिक्षणाहून ते वेगळे आहे. कारण शिष्याची चूक गुरूला तत्काळ कळते आणि तेथेच सुधारता येते.

भारतीय संगीताची तालीम दीर्घकाळ गुरुगृहाशी निगडित होती. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापून तिला संस्थेचे रूप दिले. तथापि शिकू इच्छिणाऱ्यास शहर गाठणे चुकले नाही. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन स्कूल ऑफ म्यूझिकमध्ये व्हायोलिनवादक पिंकस झुकरमन यांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये दृक्‌श्राव्य जोडणीवरून अध्यापन सुरू झाले. महाराष्ट्रात मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर असंख्य शिक्षकांनी ही पद्धत निरुपायाने स्वीकारली.

या पद्धतीतील मुख्य अडचण विलंबाची होय. हवेतून ध्वनी सेकंदाला सु. ३४३ मी. जातो, म्हणजे दहा मीटरांवर बसलेल्या साथीदाराचा स्वर सु. ३० मिलिसेकंदांनी पोहोचतो. साधारणतः याहून अधिक विलंब झाल्यास दोघांची लय एकत्र राहत नाही. विलंबाचे खापर बहुधा अंतरावर फोडले जाते, परंतु ते चुकीचे आहे. टेंभुर्णी (ता. माढा, जि. सोलापूर) पुण्यापासून सु. १६० किमी. दूर आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सु. दोन लक्ष किमी. जात असल्याने या अंतरास एक मिलिसेकंदही लागत नाही. तंतुमार्ग मुंबईचा वळसा घेऊन गेला, तरी तीन मिलिसेकंद पुरतात. खरा विलंब संदेशाचे संकोचन, त्याचे साठवण आणि अखेरच्या टप्प्यातील भ्रमणध्वनी-जोडणी यांत होतो. नेहमीच्या दृक्‌श्राव्य संभाषणात तो एका दिशेने १५० मिलिसेकंदही असू शकतो.

परिणाम तालात स्पष्ट दिसतो. मिनिटाला २०० मात्रांच्या लयीत एक मात्रा ३०० मिलिसेकंदांची असते. गुरूने पुण्यात ठेका धरला व टेंभुर्णीच्या शिष्याने ऐकल्याक्षणी अचूक सम गाठली, तरी जाण्या-येण्याचा विलंब मिळून ती गुरूला पूर्ण एक मात्रा उशिरा ऐकू येते. शिष्य निर्दोष असूनही बेताल ठरतो. म्हणून ठेका, लेहरा व तानपुरा नेहमी शिष्याच्या बाजूस ठेवावा लागतो.

दुसरी अडचण संभाषणासाठी रचलेल्या ध्वनिप्रक्रियेची. ही प्रक्रिया अखंड नादाला गोंगाट समजून दडपते. त्यामुळे तानपुरा नाहीसा होतो. प्रतिध्वनी टाळण्यासाठी ती एका वेळी एकाच बाजूचा आवाज पुढे जाऊ देते. गुरूच्या स्वरात स्वर मिळवून गाणे हा तालमीचा गाभा त्यामुळे हरवतो व शिक्षण आळीपाळीचे बनते. ही प्रक्रिया बंद करण्याची सोय काही आज्ञावलींत असते. ती वापरणे अगत्याचे आहे.

ट्रिएस्टे (इटली) येथील तार्तीनी संगीत विद्यालय व ‘गार’ हे शैक्षणिक जाल यांनी विकसित केलेल्या ‘लोला’ प्रणालीत संकोचन टाळल्याने विलंब अत्यल्प राहतो व सहवादन शक्य होते. तीस मोठ्या क्षमतेचे, स्थिर जाल लागते. ते विद्यापीठांत मिळते. खेड्यातील घरात अद्याप दुर्मिळ आहे.

तबल्यासाठी बोटांवर रोखलेला स्वतंत्र कॅमेरा आवश्यक असतो. डग्ग्याचा खर्ज भ्रमणध्वनीच्या लहान ध्वनिक्षेपकातून जवळजवळ ऐकूच येत नाही. त्यासाठी बरे कर्णश्रवक दोन्हीकडे हवेत.